डॉक्टर लवाट्यांचा नकार

खुंबूहून परत आल्यापासून डॉक्टर मोहन लवाटे शेर्पा झाले होते.

जन्माने कऱ्हाडचे. उभी नोकरी लंडनच्या हॉस्पिटलांत लोकांना भूल देण्यात गेली. रिटायर झाल्यावर बायको-मुलीला घेऊन एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या खुंबूच्या वाटेवर जेमतेम पंधरवडा चालून आले, बस्स, एवढंच. पण आले ते असे आले की विचारू नका. स्टॅनमोरच्या घरामागच्या बागेत त्यांनी रंगीत प्रार्थनापताका लावल्या. पाऊस येतोय, वाळत घातलेलं काढून घ्या, असं सांगायला शेजारची बाई दोनदा दार वाजवून गेली. कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा ते पिसांचं फुगीर जाकीट घालून जात. गाडी राउंडअबाउटला आली की यांचं सुरू. मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती असतात ना तिकडे, त्यांना शेर्पा अशीच उजवी घालून जातात, इंग्रजांना कळत नाही पण त्यांचं हे बरोबर आहे. त्यांच्या पत्नी वीणाताई शांतपणे म्हणत, "अहो, आपली एक्झिट गेली."

तिथल्या मराठी मंडळात त्यांनी भाषण दिलं, तेही स्लाइड्ससकट. नाम्चे बाजारची डोंगराच्या कुशीत चढत गेलेली घरं, झुलते पूल, याकच्या गळ्यातल्या घंटा, लांबून टिपलेली तेंगबोचेची गोम्पा, म्हणजे मठ, सगळं आलं. शेर्पा माणूस कसा निर्मळ, कसा दिलदार, आपण त्यांच्याकडून काय काय शिकलं पाहिजे, हे सांगता सांगता मागे मसालेभात गार झाला. एवढं होऊन बेसकॅम्पची एकही स्लाइड नव्हती. कशी असणार? डॉक्टर तिथे गेलेच नव्हते.

झालं होतं असं. वाटेत भेटेल त्या गोऱ्याला थांबवून उंचीचा त्रास कसा ओळखावा याचं व्याख्यान देत डॉक्टर खुमजुंगला पोचले आणि तिथे त्यांचंच डोकं असं धरलं की उशीवरून मान उचलवेना. खुमजुंग म्हणजे जवळजवळ चार हजार मीटरवरचं गाव. दगडी कुंपणांची बटाट्याची शेतं, सगळ्या घरांना हिरवे पत्रे, सकाळी अंगणा-अंगणातून धुपीच्या पाल्याचा धूर, आणि समोर आमा दब्लमचं शिखर इतकं जवळ की खिडकी उघडताना हात लागेल असं वाटावं. तिथल्या ल्हामूदीदीच्या लॉजवर डॉक्टरांनी मुक्काम ठोकला तो शेवटपर्यंत. दीदीने त्यांना चुलीपाशी बसवलं, लसणीचं सूप पाजलं, लोण्याचा गोळा घातलेली बटाट्याची धिरडी खायला घातली. पुढे या मुक्कामाला डॉक्टर 'संस्कृतीचा अभ्यास' म्हणायला लागले.

आता हे अभ्यासात गुंग असताना त्यांच्या मुलीला, उर्वीला, पुढच्या गावांपर्यंत सोबत कोण गेलं? दीदीचा मुलगा मिंग्मा. सुट्टीवर घरी आला होता. शिकायला इंग्लंडला आलेला, आता पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर, राहणार बर्मिंगहॅम. आणि उर्वीही नोकरीला बर्मिंगहॅमलाच. बोलता बोलता निघालं की दोघं एकाच बसने ऑफिसला जातात, ती दोन स्टॉप आधी चढते एवढाच फरक. त्या बसमध्ये त्यांनी कधी एकमेकांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. ओळख व्हायला हिमालय चढावा लागला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. डॉक्टरांच्या मात्र आलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी उर्वी घरी आली आणि जेवता जेवता तिने सांगून टाकलं. तिचं मराठी आधीच इंग्लंडात वाढलेलं, त्यात ती घाबरलेली. "बाबा, माझी निर्णय झाली आहे. मला मिंग्माशी लग्न करायचा आहे."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. बराच वेळ ते पाणी पीत राहिले आणि मग म्हणाले, बघू.

लवाट्यांच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. रात्री डॉक्टरांनी मिंग्मात खोट काढायचा कसून प्रयत्न केला. शिक्षण चांगलं. नोकरी चांगली. सिगरेट नाही. मोठ्यांशी बोलताना खुर्चीतून उठतो. पंचाईत अशी की हे सगळे गुण डॉक्टरांनी स्वतःच मंडळात माइकवरून सांगितलेले. मग ते वीणाताईंना म्हणाले की माणसं सोन्यासारखी आहेत गं, प्रश्न तो नाहीच, पण आपलं जेवणखाण, आपली भाषा, आपले सणवार... आणि लोक काय म्हणतील?

"लोक म्हणतील, डॉक्टरांनी शेर्पा शेर्पा करून आमचे कान किटवले आणि मुलीने ऐकलं," वीणाताई म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

डॉक्टर जागे राहिले. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. एकुलती एक मुलगी. उद्या हिला मुलं झाली तर ती आपल्याशी कुठल्या भाषेत बोलतील? ही भीती कुणाला सांगावी तर आपलीच भाषणं आडवी येणार. माणूस कात्रीत सापडतो तो असा.

मेमध्ये कळलं की दीदी स्वतः इंग्लंडला येताहेत. मुलाकडे उन्हाळाभर राहतील आणि एका रविवारी लवाट्यांकडे येऊन जातील. उर्वीने बापाला अगदी स्पष्ट सांगितलं. रजिस्टर ऑफिस कुठे पळून जात नाही. पण मुलीच्या वडिलांचा शब्द मिळाल्याशिवाय दीदी या लग्नाला हात लावणार नाहीत, आणि दीदींना दुखवून मिंग्मा लग्न करणार नाही. "आणि तुम्हाला दुखवून मी पण नाही," ती म्हणाली. "म्हणून नाही म्हणायचं असेल तर खरं खरं म्हणा. बघू बघू नका करू."

तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, नाहीच म्हणायचं. पण असं की दीदींना लागणार नाही. इंग्रजीत चार वाक्यं तयार केली. तुमच्याबद्दल नितांत आदर आहे, मुलं अजून लहान आहेत (उर्वी एकोणतीस वर्षांची होती), घाई नको, मैत्री कायम राहील. दाढी करताना म्हणून पाहिली. छान वाटत होती.

रविवारी सकाळपासून त्यांनी वीणाताईंच्या डोक्यावर मिरे वाटले. शेर्पा यजमान पेला रिकामा ठेवत नाही बरं का. पाहुण्याने आधी नको म्हणायचं, त्यांनी भरायचं, पुन्हा नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा भरायचं. हा आग्रह मोडला तर घोर अपमान. 'शे, शे', म्हणजे घ्या, घ्या, म्हणाले की प्यायचं. वीणाताई वडे तळत होत्या. म्हणाल्या, यात नवीन काय सांगताय? आमच्या माहेरी अजून असंच वाढतात, आणि तुम्ही जावई म्हणून पहिल्या दिवाळीला आलात तेव्हा नको नको करत सोळा पुरणपोळ्या खाल्ल्या होत्यात.

हे मात्र खरं होतं. डॉक्टरांनी जन्मात कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला 'हो' म्हणून घेतली नव्हती. चहा असो, खुर्ची असो, कन्सल्टंटची पोस्ट असो, आधी नको आणि मग समोरच्याच्या आग्रहाखातर हो. त्यांना भूक लागली आहे हेसुद्धा दुसऱ्या कुणी तरी म्हणावं लागे.

दुपारी बेल वाजली. दारात मिंग्मा, आणि त्याच्या शेजारी पट्ट्यापट्ट्यांचा पांगदेन, म्हणजे त्यांच्या बायका कमरेला बांधतात ते रंगीत वस्त्र, नेसून ल्हामूदीदी. हातात स्टीलचा हा एवढा थर्मास. थर्मासच्या काठाला लोण्याचे ठिपके लावलेले. डॉक्टर हरखलेच. वीणाताईंना हळूच म्हणाले, बघ, लोणी लावलंय, शुभ असतं. कशासाठी शुभ, हे काही त्यांना माहीत नव्हतं. विचारावंसंही वाटलं नाही. ज्याला सगळं माहीत असतं त्याचं असंच होतं.

आत सुरुवातीला दोन बायकांचीच जुंपली. वीणाताई वडा वाढायला गेल्या की दीदी ताटलीवर हात ठेवत. हात ठेवला की वीणाताई बोटांच्या फटीतून वाढत. दीदींचं इंग्रजी लॉज चालवून कमावलेलं, कामापुरतं आणि फटकळ. त्या वीणाताईंना म्हणाल्या, "यू गुड लॉज." वीणाताईंना याहून मोठी पदवी कुणी दिली नव्हती. त्या घटकेला त्या फितूर झाल्या असं म्हणायला हरकत नाही.

मग दीदींनी झोळीतून एक लाकडी पेला काढला आणि थर्मास उघडला. पांढुरकं, ताकासारखं काहीतरी पेल्यात आलं. घरी बनवलेली तांदळाची छांग. बर्मिंगहॅमच्या फ्लॅटमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात दुलईत गुंडाळून आंबवलेली. दीदींनी दोन्ही हातांनी पेला डॉक्टरांपुढे धरला.

"नको, नको. नो, नो, दीदी," डॉक्टर रीतसर म्हणाले.

"शे, शे," दीदी म्हणाल्या.

डॉक्टरांनी वीणाताईंकडे असा विजयी कटाक्ष टाकला, की सांगितलं नव्हतं? आणि प्यायले. आंबूस, गोडसर, बरी होती. पेला पुन्हा भरला गेला. डॉक्टरांनी पुन्हा नको म्हटलं, पुन्हा प्यायले. मधल्या वेळात ते आपली चार वाक्यं जुळवू पाहत होते, पण नितांत आदरापर्यंत आले की पेला पुढे येई. उर्वी सोफ्याच्या कडेवर बसून बापाकडे डोळे मोठे करून बघत होती. तिला वाटत होतं की बाबा सगळं समजून करताहेत. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. डॉक्टरांना वाटलं, मिरचीचा वडा खाल्ला असेल.

दीदींनी तिसऱ्यांदा पेला भरला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि तेवढ्यात मिंग्मा उभा राहिला.

"अंकल, एक मिनिट. तुम्हाला हे काय आहे ते माहीत आहे ना?"

अर्थातच, डॉक्टर म्हणाले. पाहुणचार.

मिंग्माने एकदा उर्वीकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. आमच्यात मुलाकडचे मुलीच्या घरी छांग घेऊन जातात. मागणी घालायची ती अशीच. मुलीचे वडील तिसरा पेला प्यायले की त्यांचा होकार पक्का. पहिल्यांदा ते नको म्हणतातच, तसं म्हणायचीच रीत आहे. तो इंग्रजीत म्हणाला, "मला वाटलं, उर्वीने सांगितलं असेल. तिला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, तुम्ही यावर भाषणं देता. पण तुम्हाला ठाऊक नसताना मी हा पेला पिऊ देणार नाही."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. चोरी पकडल्यागत कान तापले, आणि त्या तापात त्यांनी चार वाक्यांमधलं एकही न वापरता म्हटलं, "नाही. नो."

दीदींनी टाळी वाजवली. "गुड फादर," त्या म्हणाल्या आणि कौतुकाने हसून पेला उचलून पुन्हा त्यांच्यापुढे केला.

"नो, दीदी. रिअली नो. मला हे लग्न मान्य नाही."

दीदी आणखी खूश. त्यांच्या भावकीत इतका मुरलेला नकार ऐकायला मिळून बरीच वर्षं झाली असावीत. आता आली का पंचाईत? माणसाने आयुष्यभर खोटं नको म्हणावं आणि खरं नको म्हणायची वेळ आली तर कुणी विश्वासच ठेवू नये. डॉक्टरांनी मिंग्माकडे पाहिलं. तो पोरगा तरी काय करणार? मान खाली घालून त्याने आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. आणि प्रामाणिकपणे सांगितलं, कारण दीदींचं हसू जागच्या जागी थांबलं.

त्यांनी पेल्यातली छांग थर्मासमध्ये परत ओतली. झाकण लावलं. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "ओके, डॉक्टर. युअर डॉटर," एवढंच म्हणाल्या, रिकामा पेला त्यांच्यासमोरच राहू दिला, आणि वीणाताईंकडे वळून वड्याच्या पिठात काय घातलंय ते विचारायला लागल्या.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटेना. दोघी वड्यावर बोलत होत्या. उर्वी खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. मिंग्मा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, हात न लावता. डॉक्टरांनी ते पाहिलं. भाषा, सणवार, मंडळ, सगळं एकीकडे, आणि ही पाठ एकीकडे. पोरीने त्यांना खरं विचारलं होतं, त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि सांगितल्याबरोबर त्यांना कळून चुकलं की ते खरं नव्हतंच. नुसती भीती होती.

मग आता काय? आता, डॉक्टरांच्या हिशेबाने, कुणीतरी आग्रह करायचा होता. फक्त एकदा. दीदींनी एकदा 'शे' म्हणावं, की हे म्हणणार, बरं, तुम्ही इतकं म्हणताय तर. ते खाकरले. छांग छान झाली होती हं, असं मोठ्याने म्हणाले. रिकामा पेला थर्मासच्या दिशेने इंचभर सरकवला. काही नाही. दीदी त्यांच्याकडे बघत नव्हत्या, कारण डॉक्टरांनी खरं नको म्हटलं होतं आणि दीदींनी ते खरं मानलं होतं. वीणाताईंच्या सगळं लक्षात येत होतं. तेहेतीस वर्षं संसार केलेली बाई ती. पण आज त्याही म्हणाल्या नाहीत की अहो, घ्या ना थोडी. उलट पिठात ओवा किती, ते सांगत बसल्या.

दीदी उठल्या. डब्यात वडे भरून दिले गेले. दाराशी जाऊन त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या. मिंग्माने थर्मास उचलला. उर्वीने डोळे पुसून कोट अडकवला, तीही त्यांच्याबरोबर बर्मिंगहॅमला निघाली होती. नेहमी ती रविवारी रात्रीपर्यंत थांबत असे. दार उघडलं. बाहेर झिमझिम पाऊस. कुणीही मागे वळून डॉक्टरांना काही विचारलं नाही.

"थांबा," डॉक्टर म्हणाले.

हातात रिकामा पेला घेऊन ते दारापर्यंत आले. आता तरी कुणी विचारेल म्हणून क्षणभर थांबलेसुद्धा. सवय जात नाही हो. मग त्यांनी पेला पुढे केला.

"मला द्या," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो, दीदी. मुलगी लांब जाईल, नातवंडांशी मला बोलता येणार नाही, असं काहीबाही डोक्यात होतं. पण आत्ता तुम्ही निघालात ते मला सहन होत नाहीये. मला द्या."

मिंग्माने आईला सांगितलं. दीदींनी डॉक्टरांकडे निरखून पाहिलं, लॉजवर आलेल्या ट्रेकरला पुढचा चढ झेपेल की नाही हे बघावं तसं.

"शुअर?" त्या म्हणाल्या. "नो पोलाइट?"

"नो पोलाइट."

तिथेच, उघड्या दारात, बुटांच्या ढिगाऱ्यात उभं राहून दीदींनी थर्मास उघडला आणि पेला भरला. डॉक्टर एका दमात प्यायले. उर्वीने वीणाताईंचा हात धरला. पेला दुसऱ्यांदा भरला, तोही गेला. वीणाताई पदराने डोळे पुसायला लागल्या आणि पदर नाही, जीन्स आहे, हे लक्षात आल्यावर बाहीने पुसायला लागल्या. दीदी हसल्या आणि तिसऱ्यांदा थर्मास कलता केला.

"नको, नको, पुरे आता," डॉक्टर म्हणाले.

तोंडातून गेलं. कऱ्हाडपासूनचं वळण ते. दीदींचा हात जागच्या जागी थांबला. एकदा शिकल्या होत्या की या माणसाचं नको खरं असतं. त्यांनी थर्मास सरळ केला. मिंग्मा पांढरा पडला. उर्वी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही परत?"

"अगं नाही गं, नाही, तसं नाही," असं म्हणत डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहुणीच्या हातातून भांडं हिसकावून घेतलं, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा पेला काठोकाठ भरून घेतला.